आडवी बाटली

परदेशातून येणाऱ्या माणसाला भारत सरकार दोन लिटर दारू बिनजकात आणू देतं. हा आकडा ज्या कुणी साहेबांनी ठरवला, त्यांना हंगेरीच्या वाइनची चांगलीच जाण असली पाहिजे. हंगेरीतली साधी वाइन पाऊण लिटरच्या बाटलीत मिळते आणि तिथली ती जगप्रसिद्ध गोड वाइन अर्ध्या लिटरच्या. दोन पाऊण आणि एक अर्धा, झाले बरोबर दोन लिटर. एक लाल, एक पांढरी, एक गोड. अख्खा देश एका बॅगेत कायदेशीर बसतो.

आमच्या पुतण्यानं शिमग्याला येताना हेच केलं.

बुडापेस्टमध्ये मराठी पोरांचं आता काही अप्रूप राहिलेलं नाही. टीसीएसनं तिथे २००१ सालीच केंद्र काढलं, मागोमाग आणखी कंपन्या गेल्या. पण उमरठहून बुडापेस्ट हा प्रवास तसा नवाच. उमरठचा माणूस पोट भरायला परळला जायचा, लालबागला जायचा, फार तर बडोद्याला. शिमगा-गणपतीला आला की ओटीवर त्याला तीन प्रश्न ठरलेले: पगार किती, खोली कुणाची आणि येताना काय आणलंस? बुडापेस्टवाल्यालाही तेच तीन प्रश्न पडले. पहिल्या दोहोंची उत्तरं त्यानं आपल्या बापासारखीच चुकवली. तिसऱ्याचं उत्तर म्हणून बॅग उघडली, तीन बाटल्या काढल्या आणि ओटीवरच्या सतरंजीवर आडव्या ठेवल्या.

इथे वहिनी पुढे झाल्या. वहिनी म्हणजे पुतण्याची आई. बचत गटाच्या अध्यक्षा. महाराष्ट्रात आडवी बाटली हे साधंसुधं दृश्य नाही, हे पोरगं चार वर्षांत विसरलं होतं. आपल्याकडे गावातलं दारूचं दुकान बंद करायचं की चालू ठेवायचं यावर मतदान होतं, तेव्हा मतपत्रिकेवर दोनच उमेदवार असतात. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी बाटली म्हणजे टाळं लावा. गावातल्या निम्म्याहून अधिक बायकांनी आडवीवर शिक्का मारला की भलेभले दुकानदार आडवे होतात. वहिनींनी माहेरच्या गावी असा शिक्का मारणाऱ्या बायका घरोघर जाऊन गोळा केल्या होत्या.

‘‘आडवी का ठेवलीस?’’ त्यांनी विचारलं.

पुतण्यानं समजावलं, की वाइनची बाटली नेहमी आडवीच ठेवायची असते. बूच वाइनमध्ये भिजलेलं राहायला हवं. ते सुकलं की आकसतं, फटीतून हवा शिरते आणि आतल्या वाइनचं हळूहळू व्हिनेगर होतं.

‘‘मग ऱ्हाऊ दे आडवीच,’’ वहिनी म्हणाल्या. ‘‘दहा वर्षं ऱ्हाऊ दे.’’

गंमत म्हणजे चांगल्या हंगेरियन वाइनला हा सल्ला लागू पडतो. पण आम्हाला तेवढा वेळ नव्हता. पालखी दुसऱ्या दिवशी दारात यायची होती.

चाखायला बसलेली मंडळी कोण, ते सांगायला हवं. मामा होते. मामा परळच्या गिरणीत होते, संपात गिरणी गेली तसे गावी आले. ते सगळ्या गावाचे मामा. उमरठमध्ये मामा या नात्याला फार वजन आहे. शेलारमामांनी ऐंशीच्या घरात कोंढाण्यावर तलवार गाजवली असं इथलं प्रत्येक मूल ऐकून मोठं होतं, त्यामुळे इथल्या कुठल्याही मामाला सत्तरीत कुणी म्हातारं म्हणत नाही. मामांचा पहिला प्रश्न परवान्याचा होता. कारण आपल्याकडे दारू प्यायला कायद्यानं परवाना लागतो. एका दिवसाचा घेतला तर देशीला दोन रुपये आणि विदेशीला पाच. ‘‘ही पाचातली की दोनातली?’’ मामांनी विचारलं. एवढ्या लांबून विमानानं आलेली वस्तू फक्त तीन रुपयांनी वरचढ ठरते, याचं त्यांना वाईट वाटलं.

दुसरे आबा. आबा माळकरी. पोलादपूर खोऱ्यात वारकऱ्यांचा जोर फार. घरटी एक तरी माळ असतेच. आबा वाइनला शिवणार नव्हते, पण बैठकीतून उठणारही नव्हते. पुतण्या बिचकत म्हणाला, आबा, तुम्ही नुसता वास घेतलात तरी चालेल, कारण वाइनची परीक्षा बरीचशी नाकानंच होते. आधी पेला उजेडात धरून रंग बघायचा, मग गोल फिरवायचा, मग नाक घालायचं, मग घोट तोंडात घोळवायचा.

‘‘आणि मग?’’

‘‘मग जे खरे जाणकार असतात ते थुंकतात.’’

‘‘थुंकतात?’’

‘‘दिवसभरात शंभर वाइन चाखायच्या असतात, आबा. गिळून कसं चालेल?’’

आबांनी गळ्यातली माळ चाचपली. ‘‘मग त्यांना माळ घालायला अडचण कसली रे?’’

काचेचे पेले घरात नव्हते. स्टीलच्या पेल्यात वाइनचा रंग दिसत नाही, त्यामुळे परीक्षेचा पहिला पेपर आम्ही सोडूनच दिला.

पहिली उघडली ती लाल. एग्री बिकावेर, म्हणजे एगर गावचं बैलाचं रक्त. नाव ऐकल्याबरोबर वहिनी उठून आत गेल्या. दार मात्र त्यांनी उघडं ठेवलं, कारण पुढची गोष्ट किल्ल्याची होती.

उमरठला किल्ल्याची गोष्ट सांगताना जपून सांगावी लागते. तानाजी मालुसऱ्यांची समाधी इथे आहे. सिंहगडावरून त्यांचा देह ज्या वाटेनं खाली आणला तिला मढे घाट म्हणतात आणि ती वाट या गावात येऊन थांबते. माघ वद्य नवमीला इथे जत्राच लोटते. अशा गावात ‘एकदा एक किल्ला होता’ एवढं म्हणून पुढे सरकता येत नाही. लोक हिशेब मागतात.

पुतण्यानं सांगितलं. सन १५५२. हंगेरीच्या उत्तरेला एगरचा किल्ला. किल्लेदार इश्तवान दोबो. खाली तुर्कांची फौज.

‘‘तुर्क किती?’’ आबा.

‘‘तीस-चाळीस हजार.’’

‘‘आन आत?’’

‘‘सुमारे दोन हजार. त्यात शेतकरी, बायका, पोरं, सगळी धरून.’’

‘‘बरोबर हाय,’’ आबा म्हणाले. ‘‘आत गर्दी झाली का भांडणं लागत्यात. पाणी?’’

पाण्याची सोय होती. मग बुरूज किती, तोफा कुठल्या बाजूला, मागून उतरायला वाट होती का, रात्री मशाली विझवल्या होत्या का, असं बरंच झालं. वेढा महिन्याहून जास्त चालला. बायकांनी तटावरून उकळतं पाणी आणि तापलेलं डांबर ओतलं, हे ऐकून आतून वहिनींचा ‘‘हां’’ असा आवाज आला. शेवटी दोबोनं तळघरातली वाइन लढवय्यांना मोकळी केली. ते लाल वाइन प्यायले, दाढ्या आणि चिलखतं लाल झाली. तुर्कांना वाटलं, हे लोक बैलाचं रक्त पिऊन लढतायत, आणि त्यांचा धीर खचला. ऑक्टोबरात वेढा उठला. वेढ्याची कथा गेझा गार्दोन्यी नावाच्या लेखकानं १९०१च्या कादंबरीत घातली आणि हंगेरीतलं प्रत्येक शाळकरी पोर ती वाचतं.

ओटीवर शांतता पसरली. मामांनी पेला कपाळाला लावला आणि मगच तोंडाला. इथे पुतण्यानं गप्प बसायला हरकत नव्हती. पण शिकलेल्या माणसाला खरं सांगायची खोड असते. तो म्हणाला, की खरं तर ही दंतकथाच आहे. १५५२ साली एगरला प्रामुख्यानं पांढरी वाइन व्हायची. कदरका नावाचं काळं द्राक्ष तुर्कांपुढे उत्तरेकडे सरकलेल्या सर्बियन लोकांबरोबर नंतर आलं. आणि बिकावेर हे वाइनचं नाव कागदोपत्री दिसतं ते एकोणिसाव्या शतकात.

‘‘म्हंजे दाढ्या पांढऱ्याच?’’ मामा म्हणाले.

‘‘हो.’’

बराच वेळ कुणी बोललं नाही. पुण्याचे इतिहासाचे अभ्यासक उमरठला येतात, तेव्हाही अशीच शांतता पसरते. समाधीपुढे हात जोडून झाले, वरण-भात जेवून झाला, की कुणीतरी हळूच विषय काढतं: ‘‘ती यशवंती घोरपड मात्र समकालीन कागदांत सापडत नाही हं.’’ दोर लावून चढले, एवढं ते कबूल करतात. घोरपडीचं नाव काढलं की मान हलवतात.

आबांनीच मग निवाडा दिला. ‘‘त्यांना सांग, आम्ही घोरपड सोडनार नाय. त्यांनी बैल सोडू नये.’’

मला हा निवाडा पटतो. इतिहासकारांचं काम पुरावा शोधणं, आणि ते त्यांनी करावं. पण वेढा खरा होता, दोन हजार माणसं खरी होती, बायकांनी ओतलेलं डांबर खरं होतं. तेवढ्या खऱ्यावर एक बैल बसला तर तट काही कोसळत नाही. आणि दंतकथेनं वाइन विकली जात असेल तर त्यात शेतकऱ्याचंही भलं आहेच.

‘‘फुडं काय झालं किल्ल्याचं?’’ मामांनी विचारलं. पुढे १५९६ साली तो तुर्कांनी घेतलाच, आणि नव्वदेक वर्षं तो त्यांच्याकडे होता. तेव्हा भाडोत्री शिबंदी होती आत. आबांना याचं नवल वाटलं नाही. कोंढाणाही १७०३ साली औरंगजेबाकडे गेला होता, पुन्हा आला. किल्ला जातो-येतो, त्याचं एवढं मनावर घ्यायचं नसतं.

बिकावेरच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ओटीवर लगेच समजली. दक्षिणेकडे सेक्सार्द नावाचा वाइनप्रदेश आहे, तिथलेही लोक बिकावेर करतात आणि नाव आधी आमच्याकडे होतं असं सांगतात. एगरवाल्यांना हे खपत नाही. आता तानाजी मालुसरे जन्मले साताऱ्याच्या जावळीतल्या गोडवलीला, नांदले उमरठला. यात्रेत दोन्ही गावांचे पाहुणे एकत्र बसले की हा विषय निघतो, निघाला की जेवण लांबतं. सेक्सार्द कुठे आहे हे मामांनी नकाशात पाहिलंसुद्धा नाही. ‘‘एगरवाल्यांचंच खरं,’’ ते म्हणाले.

वाइनबद्दल बोलायचं तर बिकावेर एका द्राक्षाची होत नाही. अनेक जातींचं मिश्रण हवं आणि त्यात केकफ्रांकोश या द्राक्षाचा वाटा मोठा. साम्यवादी राजवटीत ती सरकारी कारखान्यांतून टँकरच्या हिशेबानं निघायची, स्वस्तात जगभर जायची आणि प्यायल्यावर लोकांना बैलाची दया यायची. १९९० नंतर खासगी बागायतदारांनी सूत्रं हाती घेतली, नियम कडक झाले, आणि आता ती पुन्हा मानानं प्यायली जाते. फार जड नाही, थोडी आंबट, थोडी तिखट. पुतण्या म्हणाला, चेरी आणि काळी मिरी. आबांनी पेला नाकाशी धरला, डोळे मिटले. ‘‘जांभळाखाली सडा पडलाय, त्यावर पावसाची एक सर येऊन गेलीय, आन वरून गुरं गेलीत.’’ पुतण्यानं ते मोबाइलवर लिहून घेतलं. बुडापेस्टच्या कुठल्याही मासिकात चाललं असतं, फक्त गुरांचं काय करायचं ते त्याला ठरवता येईना.

पांढरी बाटली शोमलोची होती. हंगेरीत बावीस वाइनप्रदेश आहेत, त्यांतला शोमलो सगळ्यात चिमुकला, म्हणजे सपाट माळावर उभी असलेली एकच टेकडी आणि तिच्या उतारावर बागा. विझलेल्या ज्वालामुखीची टेकडी, वर बसाल्टचा कातळ. बालातोन सरोवराच्या काठावरचा बदाचोन्य डोंगरही तसाच. या काळ्या दगडामुळे तिथल्या वाइनला खारट, धारदार चव येते असं जाणकार मानतात. बसाल्ट म्हटल्यावर मामा ताठ बसले. आपला सह्याद्री दुसऱ्या कशाचा आहे? तिकडचा दगड काही दशलक्ष वर्षांचा, आपला साडेसहा कोटी वर्षांचा. ‘‘म्हंजे दगडात आपन थोरले,’’ मामांनी नोंद केली. थोरल्या दगडावर मात्र द्राक्ष येत नाही, कारण शोमलोला वर्षाकाठी पाऊस पाचसहाशे मिलिमीटर आणि पोलादपूरला तीन हजारांच्या वर. द्राक्षाची बाग इथे लावली तर घडाआधी खेकडे धरतील.

या वाइनचं द्राक्ष युहफार्क. घड लांबट, टोकाशी वाकलेला, म्हणून नाव पडलं मेंढीची शेपटी. जुन्या काळी या वाइनला लग्नाच्या रात्रीची वाइन म्हणत. ती प्यायली की मुलगा होतो अशी समजूत होती आणि हाब्सबुर्ग राजघराण्यातही ती मानली जायची म्हणतात.

आतून वहिनी आल्या. ‘‘काय होतो?’’

‘‘मुलगा,’’ पुतण्या चाचरत म्हणाला. ‘‘म्हणजे तशी समजूत होती, आई.’’

‘‘आरोग्य केंद्राच्या भिंतीवर पाटी हाय, वाचलीस का? गर्भलिंग निदान गुन्हा हाय. राजाच्या घरचा असला तरी.’’

पुतण्याचं लग्न ठरत नाही, हा त्या घरातला चालू विषय असल्यानं ती बाटली आम्ही फार बोलबाला न करता संपवली. आबांनी तेवढ्यातही एक वाक्य टाकलंच: या गावात लग्न थांबतं ते किल्ल्यासाठी थांबतं, प्रोजेक्टसाठी नव्हे.

मामांना ती आंबट लागली. त्यांनी सोडा मागवला. मला वाटलं, आता पुतण्या कपाळाला हात लावणार. पण तो उलट खूश झाला. वाइनमध्ये सोडा घालून पिणं हा हंगेरीचा राष्ट्रीय उन्हाळी कार्यक्रम आहे. त्याला फ्रोच म्हणतात, आणि प्रमाणागणिक नाव वेगळं. एक भाग वाइन, एक भाग सोडा म्हणजे छोटा फ्रोच. दोन वाइन, एक सोडा म्हणजे मोठा. एक वाइन, दोन सोडा म्हणजे लांब ढांग. आणि तीन वाइनला दोन सोडा म्हणजे हाझमेश्तेर, इमारतीचा राखणदार. सोडा मोठ्या प्रमाणावर करण्याचं यंत्र हंगेरीत बसवलं ते आन्योश येदलिक या शास्त्रज्ञानं, आणि हा गृहस्थ होता पाद्री. आबांना हे आवडलं. राखणदाराला वाइन जास्त का, असं मामांनी विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं: परळच्या चाळीत राहिलेल्या माणसाला हे विचारावं लागत नाही.

स्टीलचे पेले एकमेकांवर आपटायची वेळ आली, तेव्हा पुतण्यानं हात आखडता घेतला. बिअरचा ग्लास असता तर हंगेरीत आपटत नाहीत, म्हणाला. १८४९ साली ऑस्ट्रियानं हंगेरीचं बंड मोडून तेरा सेनानींना मारलं, आणि त्या दिवशी ऑस्ट्रियन अधिकाऱ्यांनी बिअरचे ग्लास भिडवून आनंद केला असं सांगतात. तेव्हा हंगेरियनांनी शपथ घेतली की दीडशे वर्षं बिअरचे ग्लास भिडवायचे नाहीत. मुदत १९९९ साली संपली, तरी पुष्कळ लोक अजून भिडवत नाहीत. आबा एकदम गंभीर झाले. बांधाच्या वादात आमचं एक घर दुसऱ्या घराशी किती पिढ्या बोलत नाही, याचा ते मनात हिशेब करत असावेत. दीडशे वर्षांची मुदत घालून घेणं त्यांना फारच कच्चं वाटलं.

शेवटची अर्ध्या लिटरची बाटली, तोकायची असू. हिच्याविषयी मात्र मला जरा सविस्तर सांगू द्या, कारण दारूबद्दल सहसा न बोलणारे लोकही हिच्यापुढे उठून उभे राहतात. हंगेरीच्या राष्ट्रगीतात तोकायच्या वेलींचा उल्लेख आहे. कोल्चेई या कवीनं ते १८२३ साली लिहिलं. ‘‘राष्ट्रगीतात?’’ वहिनींनी पुन्हा एकदा खात्री करून घेतली.

तोकाय हा हंगेरीच्या ईशान्येचा डोंगराळ मुलूख. बोद्रोग आणि तिसा या नद्या तिथे मिळतात. शरद ऋतूत सकाळी नद्यांवरून दाट धुकं चढतं, बागा बुडवून टाकतं, आणि दुपारी लख्ख ऊन पडतं. त्या धुक्यानं पिकलेल्या द्राक्षांवर एक बुरशी धरते. सालीला बारीक छिद्रं पडतात, आतलं पाणी दुपारच्या उन्हात उडतं, आणि वेलीवरच मणी सुकून, सुरकुतून, करड्या-तपकिरी रंगाचा होतो. आत उरते ती घट्ट साखर, आंबटपणा आणि बुरशीनं दिलेला एक वेगळाच मधाचा वास. सगळं जुळून आलं तर. दुपारी ऊन पडलं नाही, पाऊस लागला, तर तीच बुरशी नुसती सडवते.

आमच्याकडे धुक्याला तोटा नाही. महाबळेश्वरचं धुकं आंबेनळी घाटातून खाली लोटतं. पण आमच्याकडे त्याला दुपार नसते. जून ते सप्टेंबर एकच सकाळ असते. बुरशी येते ती चपलांवर, पापडांवर, गोधड्यांवर आणि लग्नात मिळालेल्या सफारीवर. त्यातली एकही गोड लागत नाही.

हे सडके मणी तोकायला एकेक करून हातानं वेचतात. सगळा घड एकदम सुकत नाही, म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरात त्याच बागेतून पुन्हा पुन्हा फेरी मारावी लागते. चांगल्या वेचणाऱ्या बाईच्याही हाती दिवसाला जेमतेम दहाएक किलो मणी लागतात.

वहिनी आता उंबऱ्यावर बसल्या होत्या. मे महिन्यात जाळ्यांतून हात खरचटून घेत, बोटांना चीक लावून घेत करवंदं काढायची आणि हमरस्त्यावर पानाच्या द्रोणात विकायची, हे त्यांनी सगळं आयुष्य केलेलं. त्यांचा प्रश्न आतापर्यंतच्या सगळ्या प्रश्नांत नेमका होता.

‘‘हजेरी किती देतात?’’

पुतण्याला वाइनचा सगळा अभ्यास होता. बायकांची हजेरी त्याच्या अभ्यासक्रमात नव्हती.

‘‘आन बाटली कितीला?’’

चांगली असेल तर काही हजार रुपये. वहिनी काही बोलल्या नाहीत. करवंदं एवढी वर्षं उगाच ताजी विकली, असा भाव मात्र चेहऱ्यावर येऊन गेला.

पुढची कृती अशी. वेचलेले मणी पिळतात, त्यांचा लगदा त्याच वर्षीच्या रसात किंवा नव्या वाइनमध्ये भिजत घालतात, मग गाळून लाकडी पिंपात भरतात. जुनं माप फार छान होतं. पाठीवर वाहायची एक टोपली म्हणजे पुत्तोन्य, साधारण पंचवीस किलोची. गोंत्स गावच्या १३६ लिटरच्या पिंपात किती टोपल्या घातल्या त्यावर वाइनची गोडी ठरायची. तीन टोपल्यांची, चार, पाच, सहा. आता साखर ग्रॅमवर मोजतात. २०१३ पासून लेबलवर पाच आणि सहा एवढेच आकडे उरले आहेत. पाचला लिटरमागे किमान १२० ग्रॅम साखर लागते, सहाला १५०. आबांना टोपलीचं माप गेल्याचं दुःख झालं. पायली गेली, मण गेला, आता टोपलीही गेली.

याच्याही वर एक प्रकार आहे, एसेन्सिया. वेचलेले मणी नुसते साठवून ठेवले की स्वतःच्याच वजनानं तळातून जो रस थेंब थेंब झिरपतो, तो. लिटरमागे साखर साडेचारशे ग्रॅमच्या वर. एवढ्या साखरेत यीस्टचाही जीव गुदमरतो. आंबायला वर्षानुवर्षं लागतात आणि इतकं करून दारू निघते बिअरपेक्षाही सौम्य. ती चमच्यानं देतात. मरणाऱ्या राजांना देत असत, अशी आख्यायिका आहे. ‘‘उठले का?’’ आबांनी विचारलं. त्याबद्दल आख्यायिका गप्प आहे.

असूचा शोध कसा लागला, याचीही गोष्ट आहे, आणि तीतही तुर्क आहेतच. सतराव्या शतकात सेप्शी लात्स्को माते नावाचा धर्मोपदेशक झुझान्ना लोरांत्फी या सरदारपत्नीच्या बागा सांभाळत होता. तुर्कांच्या हल्ल्याच्या भीतीनं द्राक्षं काढायला उशीर झाला, तोवर मणी सुकून सडले, तरी त्यानं वाइन केलीच आणि ईस्टरला बाईंच्या ताटाशी ठेवली. छान गोष्ट. पण असू वाइनचा उल्लेख १५७१च्या कागदात आधीच सापडतो. म्हणजे इथेही घोरपडच. पुतण्या हे सांगून थांबला, तर आबांनी नुसता हात वर केला. निवाडा एकदा झाला होता.

खरा हेवा आबांना वाटला तो १७३७ सालाचा. त्या साली राजाज्ञेनं तोकायच्या वाइनप्रदेशाची हद्द आखून दिली. जगात असं फार लवकर करणाऱ्यांत तोकाय येतं. जमिनीची हद्द सरकारनं आखली, ती ठरली आणि ठरलेलीच राहिली, हे आबांनी दोनदा वदवून घेतलं.

तळघरांचंही सांगितलं पाहिजे. तोकायची तळघरं दगडात खोदलेली, अरुंद, ओली. भिंतींवर काळ्या कापसासारखी मऊ, जाड बुरशी. ती दारूच्या वाफेवर जगते. कुणी ती काढत नाही, उलट तिच्यामुळे हवा चांगली राहते असं मानतात. ‘‘फुकटची पिते आन वर मान,’’ मामा म्हणाले. त्यांच्या आवाजात हेवा होता.

सहा टोपल्यांची असू आम्ही छोट्या वाटीतून प्यायलो. मध, जर्दाळू, संत्र्याची साल, आणि या सगळ्या गोडीच्या मागून येणारी एक सणसणीत आंबट धार, जी नसती तर ते सरबत झालं असतं. हंगेरीच्या फुरमिंट द्राक्षाचा हाच मोठेपणा. याच द्राक्षाची कोरडी, बिनगोडाची वाइनही गेल्या पंचवीस वर्षांत तोकायला जोरात होऊ लागली आहे, कारण गोड वाइन जगात सगळे वाखाणतात आणि विकत मात्र कोरडीच घेतात.

आपल्याकडे नाशिकला असं सडवून भागत नाही. तिथे एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या आसपास फळ छाटणी, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्षं काढायची, म्हणजे मणी पिकतो तो कोरड्या दिवसांत. त्या वेळी धुकं-पाऊस आलाच तर बागायतदार आनंदानं नाचत नाही, तलाठ्याला पंचनाम्याला बोलावतो. तरी घडाला वेलीवर जास्त दिवस ठेवून केलेली गोड शनँ ब्लाँ सुला काढते. बरी असते.

वाइन म्हणजे दारू नव्हे, असं २०२२च्या जानेवारीत मोठमोठी माणसं टीव्हीवर सांगत होती. सुपरमार्केटमध्ये वाइन विकू द्यायचा मंत्रिमंडळाचा निर्णय झाला होता आणि तो गाजून गाजून बारगळला. वहिनींना तेव्हा टीव्ही बंद करायला लावण्याची गरज पडली नाही. त्यांनी टीव्हीशीच वाद घातला.

पुतण्या म्हणाला, आपल्याकडे द्राक्षं आहेत, किल्ले आहेत, गोष्टी आहेत. हंगेरीनं त्याच तीन वस्तू एका बाटलीत भरल्या. आपण का नाही?

मला नारायणगाव आठवलं. शामराव चौगुल्यांनी १९८०च्या दशकात तिथे फेसाळ वाइन काढली, थेट फ्रान्सच्या धर्तीवर. नारायणगाव जुन्नरजवळ, म्हणजे शिवनेरीच्या सावलीतच. आणि वाइनची नावं काय? एक फ्रेंच सरदारबाईचं, मार्कीझ द पोंपादूर. दुसरं फारसी कवीचं, ओमर खय्याम. गडाकडे पाठ करून बाटलीनं दोन खंडांत नाव शोधलं. शहाणपणाच केला. आपल्याकडे बाटलीवर गडाचं नाव टाकलं असतं, तर कारखाना पहिल्या हंगामापर्यंतही टिकला नसता. महापुरुषांची आणि गडकिल्ल्यांची नावं दारूच्या दुकानांना देऊ नयेत, असं पुढे सरकारनंही ठरवून टाकलं.

‘‘बराबरच हाय,’’ आबा म्हणाले. ‘‘गडाचं नाव कशाला? द्यायचंच तर उदेभानाचं द्या. दुश्मनाचं नाव बाटलीला.’’

कल्पना सगळ्यांना आवडली. उदयभान राठोड, कोंढाण्याचा मोगल किल्लेदार. नियमातही बसत होतं. मामांनी तर किंमतही ठरवली. पण उंबऱ्यावरून वहिनी म्हणाल्या, ‘‘त्याचं तरी कशाला? त्यो पन गडावर लढूनच मेला ना? गेलेल्याचं नाव बाटलीला नको.’’

आबांनी मान डोलावली. मग बराच वेळ कुणालाच दुसरं नाव सुचेना.

‘‘मग एक्साइजचं द्या,’’ मामा म्हणाले. ‘‘घोट त्यांचाच मोठा असतो.’’